बिरूची अभ्यासिका

बिरू फौजदार व्हायला तीन वेळा निघाला आणि तीन वेळा परत आला. तिसऱ्या वेळी चार मार्कांनी राहिला. आता वयात बसणारी एकच परीक्षा उरली होती, सत्त्याण्णवच्या मे महिन्यातली. ती हुकली की उरलेला जन्म फौजदारांना नमस्कार करण्यात जाणार, हे त्याला माहीत होतं. वस्तीलाही माहीत होतं. वस्ती त्याला आधीपासूनच फौजदार म्हणायची. म्हणताना थोडी हसायची.

आम्ही बारामतीच्या कॉलेजात एका बाकावर होतो. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, तो इतिहास घेऊन. मी घरी टेबलाशी बसून अभ्यास केला आणि मला सेकंड क्लास मिळाला. बिरूनं मेंढरांमागं चालत अभ्यास केला आणि त्याला फर्स्ट क्लास मिळाला. शहाण्या माणसानं यावरून काही बोध घेतला असता. मी सल्ला दिला. साहित्याची पदवी घेतलेल्याला नोकरी नसते. सल्ला तरी द्यावाच लागतो. वस्ती त्यावरूनच मला मास्तर म्हणायची.

बिरूची वस्ती इंदापूर तालुक्यात, भवानीनगरपासून दीडेक कोसावर. त्याच्या आजोबांची तीनशे मेंढरं होती. मग रानात पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि मेंढरं गेली. बिरूचे वडील महिपती आबा यांनी अकरा ठेवली. कशाला ठेवली, असं विचारलं तर म्हणायचे, असावीत दारात. बिरू रोज सकाळी ती अकरा घेऊन कॅनॉलच्या भरावावर जायचा. हातात पुस्तक, खांद्यावर बाभळीची फांदी ओढायची आकडी. मोठ्यानं वाचायचा. मेंढरं चरायची.

त्याची एक पद्धत होती. ती मला फार उशिरा कळली. प्रत्येक मेंढीला त्यानं एक विषय दिला होता. भुरी म्हणजे राज्यघटना. लंगडी म्हणजे पंचवार्षिक योजना. जी एका शिंगानं वेडीवाकडी होती, तिच्याकडे महाराष्ट्राचा भूगोल होता. त्या त्या मेंढीमागून चालत बिरू तो तो विषय म्हणायचा. माझ्यासारख्याला अकरा मेंढरं म्हणजे एकच मेंढी अकरा वेळा दिसते. बिरूच्या घरात तान्ह्या पोरालाही ती तोंडावरून वेगवेगळी कळतात. परीक्षेत प्रश्न आला की त्याला आधी मेंढी आठवायची, मग उत्तर. गणिताला मेंढी नव्हती. गणितात तो राहायचा.

मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की माझा मित्र शेवटच्या परीक्षेचा अभ्यास गुरांसारखा उन्हात फिरून करतोय. मी बारामतीच्या स्टँडवरून अभ्यास कसा करावा या विषयावरचं एक पातळ पुस्तक घेतलं आणि लुनावरून वस्तीवर गेलो. ओसरीवर बसून आबांना वाचून दाखवलं. अभ्यासाला स्वतंत्र खोली असावी. उजेड डाव्या बाजूनं यावा. टेबल भिंतीकडे तोंड करून असावं. वेळापत्रक समोर लावावं. रोज एकाच जागी, एकाच वेळी बसावं. लक्ष विचलित करणारं काहीही जवळ नसावं.

शेवटच्या वाक्याला एक मेंढी खोकली.

आबांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मास्तर, हे आदी का न्हाय सांगितलं? आमाला वाटलं पोरगं डोक्यानं कमी हाय."

आबांनी मनावर घेतलं की मागं बघायचे नाहीत. दिवाळीपर्यंत खोली उभी राहिली. विटांची, वर सिमेंटचे पत्रे, आतून आकाशी रंग. डाव्या बाजूला खिडकी. खिडकीला गज. बारामतीहून टेबल आलं, आणि एक गोल फिरणारी खुर्ची आली. आबा त्या खुर्चीभोवती दोनदा फिरले. ती फिरते कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. साहेबांची खुर्ची फिरतेच. दारावर पाटी रंगवून घेतली: भावी फौजदार बिरू महिपती यांची अभ्यासिका. बिरू म्हणाला, भावी तेवढं काढा. पेंटर म्हणाला, ते काढलं तर तुम्ही फौजदारच होता, चालेल का? मग भावी राहिलं.

आबांनी बिरूची सगळी पुस्तकं टेबलावर रचली. वर झेंडूचा हार ठेवला. दाराला लाल फीत बांधली. आणि कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली.

उद्घाटन व्हायचं होतं.

आमच्या भागात बापूसाहेबांशिवाय कशाचंही उद्घाटन होत नसे. बापूसाहेब एका पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. त्यांनी पिठाच्या गिरण्यांची केली होती, सलूनची केली होती. एका ट्रॅक्टरचं त्यांनी दोनदा केलं होतं, कारण तो मधे विकला गेला आणि नव्या मालकाला आपला मान वेगळा हवा होता. अभ्यासिका मात्र त्यांच्याही हातून अजून झाली नव्हती. आबांच्या दृष्टीनं ही मोठी संधी होती.

बिरूनं एकदा विचारून पाहिलं, तोवर आत बसू का. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. वापरलेल्या खोलीचं उद्घाटन करायला बापूसाहेबांना बोलवायचं म्हणजे पाहुण्याला उष्ट्या ताटावर बसवायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. यावर पुस्तकात काही नव्हतं.

पहिली तारीख डिसेंबरातली मिळाली. आदल्या दिवशी बापूसाहेबांच्या व्याह्यांकडे कुणी वारलं. दुसरी जानेवारीतली. तेव्हा ऊसतोडीचा रेटा होता. साहेबांना सवड नव्हती. मग जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या. आबांनी पेपरात आचारसंहितेचं वाचलं. आचारसंहितेत उद्घाटनं बंद. मी सांगितलं, आबा, ती सरकारी कामांना, तुमच्या खोलीला नाही. आबांनी मान हलवली. फौजदाराच्या घरातून कायदा मोडायचा नव्हता त्यांना.

पुस्तकं आत. बिरू बाहेर. एका रविवारी मी गेलो तर तो खिडकीपाशी उभा होता. आकडी गजांतून आत घातलेली. ज्या आकडीनं तो मेंढरांना बाभळीच्या शेंगा पाडायचा, तिनं टेबलावरून सामान्य ज्ञान ओढत होता. सामान्य ज्ञान आलं. हार खाली पडला. हार त्यानं तसाच उचलून पुन्हा टेबलावर टाकला आणि पुस्तक घेऊन मेंढरांमागं गेला.

असे पाच महिने गेले. ते पाच महिने त्याचा अभ्यास फार चांगला झाला. मी दर रविवारी जायचो आणि कुठूनही प्रश्न विचारायचो. तो समोरच्या कळपाकडे एक नजर टाकायचा आणि उत्तर द्यायचा. मला वाटायचं, नवी खोली तयार आहे या नुसत्या जाणिवेनंच याची तयारी सुधारली. मी तसं बोलूनही दाखवलं.

एप्रिलच्या तेरा तारखेला बापूसाहेबांना वेळ मिळाला. परीक्षेला एक महिना उरला होता.

मांडव पडला. तीनशे माणसांचं जेवण ठरलं. बिरूला सकाळीच जीपमधून बारामतीला धाडलं, बापूसाहेबांना घेऊन यायला. बापूसाहेब दोन तास उशिरा निघाले, म्हणजे वेळेवर. मी वस्तीवरच होतो, सत्काराचे नारळ मोजत. मागच्या बाजूला काय चाललंय हे मी बघितलं नाही. वास आला तेव्हा भूक लागली, एवढंच.

बापूसाहेबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. बापूसाहेब खुर्चीत बसले, एक गिरकी घेतली आणि समाधानानं उठले. मग भाषण. ते म्हणाले, गेले सहा महिने याच खोलीत, याच टेबलावर, रात्रीचा दिवस करून या मुलानं अभ्यास केला आहे. खोली उघडून दहा मिनिटं झाली होती. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आबांचे डोळे भरून आले. मग सदतीस जणांचे सत्कार झाले. मला मार्गदर्शक म्हणून टोपी आणि नारळ मिळाला. बिरूचं नाव अडतिसावं होतं. तोवर नारळ संपले. माझा परत घेऊन त्याला दिला.

पंगती बसल्या. बिरू वाढायला उठला आणि गोठ्याच्या मागं गेला. तिथं मेंढरांना कोंडायची सुतळीची जाळी असते, वाघर. तो वाघरीपाशी थांबला. आत कुणी नव्हतं.

"आबा, मेंढरं?"

"तीनशे माणसं हायत," आबा म्हणाले. "त्यास्नी काय वांगं घालायचं?"

"सगळी?"

"आता तुला खोली हाय. मेंढरं कशाला पायजेत?"

बिरूनं चुलीवरच्या पातेल्याकडे बघितलं.

"ती राज्यघटना व्हती, आबा."

आबांना वाटलं पोराला ऊन लागलं. त्यांनी त्याला सावलीत बसवलं आणि कांदा हुंगायला दिला. मी तेव्हा जेवत होतो. तिथंच, ताटावर, बिरूनं मला ती पद्धत सांगितली. मला मटण गिळता येईना आणि टाकताही येईना. बाजूला बापूसाहेब पंचवार्षिक योजनांची नळी फोडत होते.

दुसऱ्या दिवसापासून बिरू अभ्यासिकेत बसायला लागला. उजेड डाव्या बाजूनं येत होता. टेबल भिंतीकडे होतं. वेळापत्रक मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून लावलं होतं. लक्ष विचलित करणारं काहीही जवळ नव्हतं. पंधरा मिनिटांत तो झोपला.

असं रोज होऊ लागलं. जागा असला की खुर्ची फिरायची. मी प्रश्न विचारला, पहिल्या योजनेचा भर कशावर होता. तो आकाशी भिंतीकडे बघत राहिला.

"लंगडी... लंगडी गेली, गड्या."

मग तो एकटाच कॅनॉलवर जायला लागला. तिथं निराळीच अडचण झाली. पुढं मेंढरं असली की माणूस मोठ्यानं काहीही बोलो, कुणी वळून बघत नाही. पुढं काहीच नसलं की तोच माणूस वेडा. तिसऱ्या दिवशी वस्तीवर निरोप आला की फौजदार कॅनॉलच्या कडेनं एकटाच बडबडत फिरतोय, पाण्यापासून लांब ठेवा. आबांना चारचौघांत मान खाली घालावी लागली. एवढी खोली बांधली, बापूसाहेब येऊन गेले, आणि पोरगं रस्त्यावर. त्यांनी त्याचं बाहेर पडणं बंद केलं. परीक्षेला तेवीस दिवस होते. बिरू दिवसभर खुर्चीत बसायचा आणि रोज थोडं थोडं विसरायचा.

मी काय केलं? मी ते पातळ पुस्तक पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं, सवय लागायला एकवीस दिवस लागतात. मला हायसं वाटलं. दोन दिवस हाताशी राहत होते.

शेवटी बोलली ती त्याची आई, झुंबरबाई. ती या सगळ्यात कुठंच नव्हती. उद्घाटनाला तिला आत कुणी बोलावलं नव्हतं. सत्कारही झाला नव्हता. ती भाकरी थापत होती. आबा आणि मी पोराला कोणत्या देवाला न्यावं याचा विचार करत होतो. तिनं न वळता सांगितलं, याला माझ्या भावाकडं धाडा, वडगाव निंबाळकरला. त्याची दोनशे मेंढरं हायत.

आबा म्हणाले, लोकांना काय सांगायचं?

"सांगा क्लासला गेलाय म्हून. लोकांची पोरं पुण्याला जात्यात. माजा भाऊ काय कमी हाय?"

पहाटेच्या एसटीनं बिरू गेला. पुस्तकं घोंगड्यात गुंडाळलेली होती. वस्तीवर आबांनी सांगितलं की पुण्याला मोठा क्लास आहे, साहेब लोक शिकवतात.

आठवड्यानं मी वडगावला गेलो. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात सिद्धूमामांचा कळप बसायला होता. लेंड्या पडतात, रानाला खत होतं, म्हणून शेतकरी बोलावून बसवतात. सिद्धूमामा शाळेत कधी गेले नव्हते. पण भाचा दिवसभर मोठ्यानं म्हणत होता आणि त्यांचे कान शाबूत होते. दोनशे मेंढरं म्हणजे जागाच जागा. राज्यघटनेचं एकेक महत्त्वाचं कलम वेगळ्या मेंढीला मिळालं होतं. गणिताला या वेळी एडका मिळाला होता, अंगावर येणारा.

मी बांधावर उभा राहून बघत होतो. सिद्धूमामा माझ्यावर खेकसले.

"मास्तर, उभं काय ऱ्हायलाय? तुमची राज्यसभा शेजारच्या उसात शिरतीया. हाका तिला."

मी राज्यसभा हाकली. ती माझं ऐकत नव्हती. साहित्याच्या पदवीत हे शिकवलेलं नव्हतं.

मी हे घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं. दोन दिवसांनी आबांचा निरोप आला, ताबडतोब या, चांगला शर्ट घालून या. मी लुनावर टांग टाकली. वस्तीवर पोचलो तर आबा घामाघूम. बापूसाहेब दुसऱ्या जिल्ह्यातली काही मंडळी घेऊन अभ्यासिका दाखवायला येत होते. आदर्श अभ्यासिका म्हणून. आणि आत अभ्यास करणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, सांगा क्लासला गेलाय. आबा म्हणाले, मग ही खोली कशाला, असं विचारतील ते. हे खरं होतं. वडगावहून आल्यापासून मीही मनात तेच विचारत होतो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पुढं पुस्तक उघडून दिलं आणि सांगितलं, पाठ दाराकडं ठेवा, अभ्यासाला पाठच असते.

गाड्या आल्या. पंधराएक माणसं दारात दाटली. मी मान खाली घालून वाचत होतो. बापूसाहेबांनी उजेडाकडे लक्ष वेधलं, डाव्या बाजूनं येतो म्हणाले. मग आत आले आणि खुर्ची फिरवून माझं तोंड लोकांकडे केलं. मी त्यांच्याकडे बघितलं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी याच दारात बिरूच्या गळ्यात हार घातला होता. फोटो पेपरातही आला होता.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"बिरू, वाळलास रे. जेवण सोडू नको."

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. मंडळींपैकी एकानं विचारलं, दिवसाला किती तास बसता? आबा दारातून म्हणाले, उठतच न्हाय.

परीक्षेच्या दिवशी मी बिरूबरोबर पुण्याला गेलो. तो स्वारगेटपासून केंद्रापर्यंत चालत आला, ओठ हलवत. उन्हानं काळा झालेला, अंगाला लोकरीचा वास. बाकीची पोरं पाण्याच्या बाटल्या आणि वेळापत्रकं घेऊन आलेली. दोघं जण आमच्यापासून जरा लांब सरकले. दोन तासांनी बाहेर आला तेव्हा मी विचारलं, कसा गेला. म्हणाला, एकशे साठावं कलम आठवेना, मग आठवलं ते काल व्यालं. दोन कोकरं झाली.

पूर्व परीक्षा पास झाला. मुख्य परीक्षेच्या आधी दोन महिने पुन्हा क्लासला गेला, वडगावला. तीही झाला. मैदानी परीक्षेत चालायचं आणि पळायचं होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मुलाखत झाली. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात शेवटची यादी लागली आणि त्यात त्याचं नाव होतं. फौजदार म्हणताना वस्ती हसायची थांबली. ज्यांच्या बांधावरून आबांची भांडणं होती ते पेढे घेऊन आले.

पुन्हा मांडव. पुन्हा बापूसाहेब. या वेळी मटण बाजारातून आणलं. बापूसाहेबांनी भाषणात सांगितलं की या यशाचं सगळं श्रेय या खोलीला आहे आणि आपण ती वेळेत खुली केली. एका साप्ताहिकाच्या वार्ताहरानं बिरूला विचारलं, अभ्यास कुठं केला. बिरूनं तोंड उघडलं. आबा मधे आले आणि वार्ताहराला खोलीत घेऊन गेले. बिरूला खुर्चीत बसवून फोटो काढला. छापून आलं तसंच आलं.

मला ते सहन होईना. सिद्धूमामा पहिल्या पंगतीत बसले होते, त्यांना कुणी टोपीसुद्धा घातली नव्हती. झुंबरबाई मागं भांडी घासत होती. मी आबांना बाजूला घेतलं. हात धुवायच्या पिंपापाशी. म्हणालो, आबा, तो या खोलीत एक पान शिकला नाही. तुम्हाला माहीत आहे. मेंढरांमागं शिकला. सांगा की लोकांना. त्यात लाज कसली?

आबांनी हात धुतले, धोतराला पुसले. मला वाटलं रागावतील. ते हळू आवाजात बोलले.

"मला काय येड लागलंय व्हय, मास्तर? पोटच्या पोराचं कळत न्हाय का मला? वडगावला धाडला तवापास्नं ठावं हाय. पर मेंढरामागं फिरून फौजदार झाला म्हणलं, तर लोक म्हणत्याल, धनगराचं पोरगं हाय, नशिबानं निघालं. खोलीत बसून झाला म्हणलं, की म्हणत्यात साहेब. तुमी बारामतीत टेबलावर बसून शिकला. तुमाला कुणी कवा इचारलं का, कुठं शिकला?"

विचारलं नव्हतं. सेकंड क्लास असूनही.

"मग बिरूला तरी सांगा," मी म्हणालो. "त्याला वाटतं तुम्हाला काही कळलंच नाही. मेंढरांवरून तो अजून मनात धरून आहे."

आबांनी मांडवाकडे बघितलं. बिरू हारांनी गळ्यापर्यंत भरला होता. भोवती नातेवाईक उभे होते, ज्यांची पोरं आता दहावीत होती.

"त्याला कशाला सांगायचं?" आबा म्हणाले. "उद्या साहेब लोकांत बसंल. तितं कुणी इचारलं तर, बापाला ठावंच हाय म्हणून खरं बोलून बसंल त्यो. त्याला तसली सवय हाय."

मग त्यांनी टोपी सारखी केली आणि दहावीच्या पोरांच्या बापांना खोली दाखवायला घेऊन गेले.